कवितेतलं भांडण पुस्तकात राहू द्या

प्रति,
माध्यमिक इयत्तांच्या मराठी पाठ्यपुस्तकांसाठी कविता निवडणारे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत. आमच्या इयत्तांची पाळी येईल तेव्हा तुमच्या टेबलावर एक यादी असणार: संतकाव्य इतकं, पंतकाव्य तितकं, लोकगीत एखादं आणि उरलेल्या जागेत आधुनिक कवी. ती यादी पक्की होण्याआधी एक मागणी करायची आहे. खासगीत पाठवली असती तर तिला आवक क्रमांक मिळाला असता आणि मला पोच, म्हणून उघडच लिहिते.

मागणी अशी की पुराणातली किंवा लोककथेतली गोष्ट कवितेत येते तिथे ती एकटी देऊ नका. त्याच गोष्टीवरची दुसरी, पहिलीशी न पटणारी कविता समोरच्या पानावर छापा. मुलांना दोन्ही वाचू द्या आणि भांडू द्या.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीला मराठी शिकवते. पुस्तकात देवाची कविता आली की वर्गात काय होतं ते रोज बघते. मुलं मान खाली घालतात, चाल लावून म्हणतात आणि 'भक्तिभाव' हे उत्तर तयार ठेवतात. कृतिपत्रिकेत 'कवितेतून मिळणारा संदेश' असा मुद्दा असतोच. देव आले की संदेश ठरलेला, त्यासाठी कविता वाचायचीही गरज पडत नाही. याउलट आपली कविता गेली सातशे वर्षं या कथांशी हुज्जत घालत आली आहे. कथा पुस्तकात ठेवायची आणि हुज्जत गाळायची, हे आपण का करतो?

सीतेचंच घ्या. मोरोपंत शिकवताना मी मुलांना आधी त्यांचा हट्ट सांगते. बारामतीत बसून या माणसाने रामकथा पुन्हा पुन्हा लिहिली. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर सांगितली जातात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठांनी उच्चारायची अक्षरं वगळून केलेलं. प, फ, ब, भ, म सगळे बाद. म्हणजे रामाची गोष्ट सांगायची आणि 'राम' म्हणायची सोय नाही! हे ऐकलं की शेवटच्या बाकावरची मुलंही ओठ न मिटता वाक्य बोलून बघतात आणि पाच मिनिटं वर्गाचा बाजार होतो. पंतांची कारागिरी अशी हातात घेऊन बघण्याची चीज आहे. पण तिच्यात सीता कुठे दिसते, असं एखादीने विचारलं तर मला पुस्तक मिटून जात्याकडे जावं लागतं.

कारण जात्यावरची सीता वेगळीच आहे. गावोगाव थोड्याफार फरकाने म्हटली जाणारी ही ओवी घ्या:

अरुण्या वनामधी कोण रडतं, आइका
सीतेला समजावया बोरी-बाभळी बायका

दोनच ओळी. गरोदर बाई रानात टाकलेली आहे. तिला समजवायला ऋषी आलेला नाही, देव आलेला नाही. बोरी आणि बाभळी आल्या आहेत, आणि त्या बायका आहेत. आमच्याकडच्या बांधावर हीच झाडं असतात. सरपणाला जाणाऱ्या बाईचा पदर फाडणारी, हाताला ओरबाडणारी, पायात काटा मोडणारी. चंदन नाही, अशोक नाही. ओवी म्हणणारीने सीतेचं रान आपल्या शिवारातून उचललं आणि ज्या झाडांनी तिला रोज बोचकारलं त्यांनाच सीतेच्या सोबतीला बसवलं. एवढी धीट प्रतिमा पंडिती काव्यात मला क्वचितच सापडते. आणि ती कोणी बैठक मारून रचलेली नाही. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठभर जोंधळा जात्याच्या तोंडात सोडायचा, पीठ खाली कडेने पडत राहतं, आणि समोर बसलेली जाऊ दुसरी ओळ उचलते. ओळीची लांबी त्या फेऱ्याने ठरते. म्हणूनच ओवी छापून दिली की अर्धी होते, त्याबद्दल पुढे.

याच ओव्यांत रामाच्या मुलांची नावं लव-कुश नसतात, लहू-अंकुश असतात. आणि सीतेच्या दुसऱ्या वनवासाचं कारणही निराळं असतं. वाल्मीकींच्या उत्तरकांडात लोकापवादाच्या भीतीने राम तिला सोडतो. लोककथेत सूत्रं कैकयीच्या हातात आहेत. ती सुनेला विचारते, रावण दिसायला होता तरी कसा? सीता म्हणते, मी मान वर केली नाही, मला फक्त पायाचा अंगठा दिसला. मग अंगठाच काढून दाखव, असं म्हणून कैकयी तिच्याकडून अंगठा काढून घेते, बाकीचा रावण स्वतः पुरा करते आणि चित्र रामाला दाखवते. ही गोष्ट कुण्या अडाणी बाईने घुसडलेली आहे असं म्हणायची सोय नाही, कारण हाच अंगठा संस्कृत आनंदरामायणात आहे, आणि बंगालीत सोळाव्या शतकात रामायण रचणाऱ्या चंद्रावतीकडे हेच कपट कैकयीची मुलगी करते. शेकडो कोसांवरच्या बायकांना रामायणात आपलं घर दिसलं आणि घरात पहिल्यांदा दिसली ती सासू किंवा नणंद. एका ओवीत तर सीतेला झालेला सासुरवास ती पुढच्या सगळ्या लेकीबाळींना वाटून देते. म्हणजे आज जो त्रास होतो तो सीतेच्या वाट्यातला.

मला स्वतःला यातली एक गोष्ट पटत नाही, आणि मी ती वर्गात सांगते. नवऱ्याला सोडून खापर सासूवर फोडणं ही सोयीची वाट आहे. ओव्या म्हणणाऱ्या बायकांना ती सोय लागत असणार, कारण रामावर बोट ठेवून पुन्हा त्याच घरात दळायचं होतं. पण हे माझं मत झालं. एका वर्षी एका मुलीने मला तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं, "बाई, आमची आज्जी म्हणती, रामानं विचारलं का तिला? मग चूक कोणाची?" वर्गातल्या मुलग्यांनी रामाची बाजू घेतली, मुलींनी दोन गट केले, एकीने लक्ष्मणालाही सोडलं नाही. तास संपला तरी कोणी उठेना. संदेश मात्र कोणालाच सापडला नाही.

त्या वादाच्या शेवटी मी त्यांना गीतरामायणातलं 'मज सांग लक्ष्मणा, जाऊ कुठे' ऐकवलं. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून गदिमांची छप्पन्न गीतं सुधीर फडक्यांच्या संगीतात वर्षभर घरोघरी पोचली. तिथे तोच प्रसंग आहे, तीच बाई, तेच रान. पण तिथली सीता लक्ष्मणाला विचारते आणि ओवीतली बाभळीपाशी रडते. दोघींमध्ये डावं-उजवं करण्यात मला रस नाही. एकीशेजारी दुसरी ठेवली की दोघींचं वेगळेपण मुलांना आपसूक ऐकू येतं, मला फळ्यावर काही लिहावं लागत नाही.

आणि हे सगळं नुसतं कवितेतच आहे असंही नाही. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिथे राम नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी त्याच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला होता. गावकरी सांगतात, बाळंत झालेल्या सीतेने गावात गहू मागितले, गावाने दिले नाहीत, तेव्हा तिने शाप दिला आणि गावात गहू पिकेनासे झाले. शाप देणारी सीता! ही आपल्या कोणत्या पाठात आहे?

सीतेवर फार रेंगाळले याची जाणीव आहे. पण बाकी उदाहरणं कमी पडतात म्हणून नव्हे. पंढरपूरकडे वळलं तर तिथे कवितेने देवाला कामालाच लावलं आहे. 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी' ही ओळ आपण इतकी ऐकली आहे की तिच्यातला खट्याळपणा मेला. सुदर्शनचक्र धरणाऱ्याच्या हातात दासीने केराची पाटी दिली. पोथीत असा देव नव्हता. तो जनाबाईने केला, आणि पुढे बायकांनी त्याच्यावर गोष्ट चढवली: रखुमाई रुसून विचारते, ही जनी तुमची कोण लागते? आणि विठ्ठल सारवासारव करतो, रानातलं पाखरू आहे, वस्तीला आलंय. संसारी बाईला हा बहाणा ओळखीचा वाटला नसता तर ही ओवी टिकलीच नसती. जनाबाईचा अभंग डाव्या पानावर आणि रखुमाईचा रुसवा उजव्या पानावर छापला तर काय बिघडेल?

नाथांनी तर वेषच बदलले. भावार्थरामायण लिहिणारा हा पैठणचा पंडित भारुडात गोंधळी होतो, वाघ्या होतो, जोशी होतो आणि सासरच्यांना खपवण्यासाठी भवानीला रोडगा कबूल करणारी सूनही होतो. जोगव्यात ते भवानीला बोलावतात, पण तिने मारायचा महिषासुर हा मोहाचा. नवसाची देवी तीच, नवस उलटा. भारुड पुस्तकात येतं तेव्हा आपण 'यातून नाथांनी समाजप्रबोधन केले' असं लिहून घेतो. खरं तर सून नवस बोलते तेव्हा हसू यायला हवं, आणि मग आपण कोणाच्या मरणावर हसलो ते लक्षात यायला हवं.

त्याही आधी, तेराव्या शतकात, महानुभाव पंथाच्या महदंबेने धवळे गायले. रिद्धपूरला, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. प्रसंग पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लुटूपुटूच्या लग्नाचा, गाणी कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची. आपली पहिली ज्ञात कवयित्री लग्नघरातल्या बायकांच्या गाण्यातून पुराणात शिरली, पंडितांच्या ओसरीवरून नव्हे. त्याच पंथात नरेंद्राने त्याच विषयावर 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं आणि पुढे नाथांनीही रचलं. एकच लग्न, तीन कवी. तुमच्यासाठी जोडी आयती तयार आहे.

आता अवघड जोडीकडे येते. दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी ओवाळताना बायका म्हणतात, 'इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो.' पुराणात बळीला पाताळात घालणारा वामन हा विष्णूचा अवतार. मग त्याने घालवलेलं राज्य परत यावं अशी इच्छा दर वर्षी, सणाच्या दिवशी, हातात ताट घेऊन कोण करतं आहे? हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त विचारला आणि अवताराची सगळी मांडणीच उलटी केली. त्यांच्या वाचनाशी प्रत्येकाने सहमत व्हावं असं मी म्हणत नाही. त्यांचा इतिहास आज तपासून बघावा लागेल. पण त्यांचे कान तिखट होते. रोजच्या तोंडातल्या ओळीत पोथीशी न जुळणारी आठवण आहे हे त्यांना ऐकू आलं. वामनाची स्तुती आणि पाडव्याचं ओवाळणं समोरासमोर ठेवा. शेतकऱ्याला आपण बळीराजा का म्हणतो, याची चर्चा वर्गात एकदा झाली की फुल्यांचं नाव मुलं परीक्षेनंतरही विसरणार नाहीत.

पुढचा रस्ता याच वळणावरून जातो. केशवसुत 'तुतारी'त बजावतात, 'देवदानवां नरें निर्मिलें हें मत लोकां कवळूं द्या!' आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला पण गणपतीचं नमन आणि गवळण बाजूला केली. आणि ज्या जात्यावर सीता रडत होती त्याच जात्यावर दलित वस्त्यांतल्या बायकांनी भीमरावांच्या ओव्या घातल्या. छंद तोच, खुंटा तोच. नायक बदलला. अलीकडे अरुण कोलटकरांनी जनमेजयाच्या सर्पसत्राची, म्हणजे साप जाळायला मांडलेल्या यज्ञाची, गोष्ट सापांच्या बाजूने, आस्तिकाची आई जरत्कारू हिच्या तोंडून सांगितली. ती इंग्रजीत आहे, पण त्यांची 'भिजकी वही' मराठीत आहे, आणि तिच्यात इसिस, कॅसांड्रा, हायपेशिया अशा देशोदेशींच्या रडणाऱ्या बायका एकत्र आल्या आहेत. बोरी-बाभळीच्या ओवीनंतर ते पुस्तक उघडलं तर ते अवघड आहे अशी कुरकुर निम्मी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

तुमची अडचण मला कळते. 'भावना दुखावतील' हे वाक्य बैठकीत कोणीतरी उच्चारेल आणि मग सगळे गप्प होतील. त्या वेळी एवढं विचारा, की कोणाच्या भावना? कैकयीच्या चित्राची गोष्ट सांगणाऱ्या बायका नास्तिक नव्हत्या. त्या एकादशी धरत होत्या, वारीला जात होत्या. जेजुरीच्या जागरणात वाघ्या-मुरळी म्हाळसा आणि बाणाईचं सवतींचं भांडण रंगवून गातात. खंडोबा सारीपाटात हरतो, धनगराच्या वाड्यावर मेंढरं राखायला जातो आणि बाणाईला घेऊन येतो, आणि भक्त हसत भंडारा उधळतात. आजही गड चढताना बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर लागतं. मणी-मल्लाचा वध पोथीत आहे, भांडण जागरणात आहे, आणि दोन्हींना हात जोडणारा माणूस एकच. भक्ताला देवाची थट्टा चालते, पाठ्यपुस्तकाला चालत नाही, हे उलटं झालं.

आता कामाचं. लोकगीत छापता तेव्हा कवीच्या जागी 'पारंपरिक' लिहून मोकळे होऊ नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हजारावर गावांतून गोळा झाल्या आहेत, गाणारीच्या नावानिशी आणि गावानिशी. वर दिलेली बोरी-बाभळीची ओवी परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजात नोंदलेली आहे. मोरोपंतांच्या परिचयाला जर चौकट मिळते तर गंगूबाईंनाही मिळू द्या. ओवी त्यांनी रचली नसेल, पण त्यांनी ती सांभाळली आणि त्यांच्या गळ्यातून ती आपल्यापर्यंत आली. शिवाय 'कवयित्रीचे नाव' या कृतीला मुलांना काहीतरी लिहिता येईल.

दुसरं, बोली सुधारू नका. 'आइका'चं 'ऐका' आणि 'वनामधी'चं 'वनामध्ये' केलं की फेरा तुटतो. तळटीप द्या हवी तर. साने गुरुजींनी आणि सरोजिनी बाबरांनी ओव्या, लोकगीतं जमवून ठेवली म्हणून आज आपल्याला निवड करता येते. आपण त्यांना इस्त्री करायला बसायचं कारण नाही.

तिसरं, पुस्तकात क्यूआर कोड असतातच. त्यातला एक ओवीला द्या, आणि त्यामागे स्टुडिओतली वाद्यवृंदाची चाल नको. जात्याची घरघर असलेलं ध्वनिमुद्रण हवं. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी जातं पाहिलं आहे ते हळदीच्या दिवशी सुपारी बांधलेलं. चालतं जातं त्यांनी ऐकलेलं नाही.

आणि 'संदेश' हा मुद्दा निदान या जोड-कवितांपुरता काढा. त्याजागी विचारा: हीच गोष्ट तुमच्या घरी कशी सांगतात? परीक्षकाला नमुना उत्तर देता येणार नाही म्हणून हा प्रश्न बाद होईल हे मला ठाऊक आहे. मी स्वतः पेपर तपासते. पण चार गुणांच्या प्रश्नात दोन गुण गोष्ट नीट सांगितल्याचे आणि दोन पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा तिचा फरक दाखवल्याचे, असं ठरवता येतं. रसग्रहणाचे गुण आपण याहून कच्च्या मापाने देतोच की.

मुलांनी आजी, आत्या, शेजारच्या काकू यांच्याकडून लिहून आणलेल्या गोष्टींच्या आणि ओव्यांच्या वह्या माझ्या कपाटात आहेत. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून. गोंधळ्याच्या घरातल्या एका मुलाने परशुराम-रेणुकेचं आख्यान वडिलांकडून ऐकून सलग लिहून काढलं आहे, ते तर आधी वाचा. समितीपैकी कोणी बघायला तयार असेल तर मी झेरॉक्स काढून पाठवते. खर्च माझा.

आपली,
दहावी 'ब'ची वर्गशिक्षिका